बिछान्यातून खुर्चीकडे, खुर्चीतून कामाकडे

हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा आपल्या घरांतून जे दृश्य दिसते ते वाचकांच्या परिचयाचे आहे. ओटीवर त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली असते. शेजारीपाजारी फळे घेऊन येतात. संध्याकाळी रोझरीच्या वेळी त्याच्यासाठी एक प्रार्थना अधिक म्हटली जाते, आणि निरोप घेताना प्रत्येकजण तेच सांगून जातो : आता काही करू नका, फक्त आराम करा. पहिले आठ-पंधरा दिवस असे कौतुकात जातात. मग येणाऱ्यांची वर्दळ ओसरते. पत्नी त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. मुले घरात दबक्या आवाजात बोलतात. पैशाअडक्याची कोणतीही गोष्ट त्याच्या कानांवर जाऊ नये म्हणून सारे धडपडतात. तो मात्र दिवसेंदिवस गप्प होत जातो. रात्री झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, मिस्सेलाही जावेसे वाटत नाही. कामावर कधी रुजू होणार, असे कोणी विचारले तर तो नजर चुकवतो. घरची माणसे आपापसांत म्हणतात, ‘डॉक्टर तर सारे ठीक आहे म्हणतात, मग यांना झाले आहे तरी काय?’

या साध्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राला सापडायला फार काळ लागला. हृदय कसे बरे करावे हे ते हळूहळू शिकले. त्या हृदयाच्या धन्याला पुन्हा कामावर कसे उभे करावे, हे त्यानंतर शिकले. आणि त्याचे मन का खचते, हे विचारायला तर ते सर्वांत शेवटी शिकले. हा प्रवास आपल्या वाचकांपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते. कारण ज्या समजुती वैद्यकाने केव्हाच मागे टाकल्या, त्या आपल्या ओटीवर अजून ठाण मांडून बसल्या आहेत.

आरंभ लंडनमध्ये होतो. १७६८ साली विल्यम हेबर्डन या वैद्याने तेथील वैद्यांच्या महाविद्यालयापुढे छातीतल्या एका विशिष्ट वेदनेचे वर्णन वाचले. ही वेदना चालताना, विशेषतः चढ चढताना व जेवणानंतर येते आणि थांबताच नाहीशी होते, असे त्यांनी नोंदवले. हे वर्णन १७७२ साली छापून आले, आणि त्यांनी त्या विकाराला दिलेले अंजायना पेक्टोरिस हे नाव आजही डॉक्टरांच्या तोंडी आहे. हेबर्डन यांच्या मृत्यूनंतर १८०२ साली त्यांच्या टिपणांचा जो ग्रंथ निघाला, त्यात एका रोग्याची हकीकत येते. या गृहस्थाने रोज अर्धा तास लाकडे कापण्याचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. औषध हाती नसलेल्या त्या काळात एका रोग्याने आपल्याच हातांनी एक उपचार शोधला होता. पुढची दीडशे वर्षे या करवतीकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

१९१२ साली अमेरिकेतील शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने एकाएकी बंद पडली, तरी माणूस तत्काळ मरतोच असे नाही. तो जगू शकतो. ही आशेची वार्ता होती, परंतु तिच्या पाठोपाठ भीतीही आली. जगलेल्या माणसाला पुन्हा काही होऊ नये म्हणून काय करावे? उत्तर ठरले, संपूर्ण विश्रांती. १९३९ साली बॉस्टनमध्ये मॅलरी, व्हाइट आणि सालसेडो-सालगार या तिघांनी मरणोत्तर तपासणीतील ७२ हृदयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखावलेल्या हृदयस्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला लहान जखमेत सुमारे पाच आठवडे व मोठ्या जखमेत सुमारे दोन महिने लागतात, असे त्यांना आढळले. यावरून सहा ते आठ आठवडे अंथरुणाचा दंडक अधिकच पक्का झाला. रोग्याने कुशीवरही स्वतः वळू नये, घास दुसऱ्याने भरवावा, देहधर्म अंथरुणातच उरकावेत, असा तो काळ होता.

या दंडकामागे क्रौर्य नव्हते. जखमी हृदयाची काळजीच होती. परंतु त्या काळजीचे मोल रोग्याने दोनदा मोजले. एकदा शरीराने : सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन अडकत, आणि हृदयातून वाचलेला रोगी त्या गुठळीने दगावे. दुसऱ्यांदा मनाने : काल घर चालवणारा माणूस आज तोंडात घास घालून घेत पडला आहे आणि छताकडे पाहत मरणाची वाट पाहत आहे, अशी त्याची दशा होई. बॉस्टनचेच डॉ. सॅम्युअल लेव्हाइन यांनी १९४४ साली पडून राहण्याचे दुष्परिणाम उघडपणे मांडले. पुढे १९५२ साली त्यांनी व त्यांचे तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांनी ८१ रोग्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. झटक्यानंतर पहिल्या काही दिवसांतच रोग्याला अलगद उचलून आरामखुर्चीत बसवायचे, प्रथम थोडा वेळ, मग अधिक, एवढाच तो उपचार. त्या काळी तो अनेकांना अघोरी वाटला. प्रत्यक्षात खुर्चीत बसलेला रोगी अधिक आश्वस्त दिसू लागला. पाय जमिनीला टेकले की माणसाला आपण अजून जिवंतांत आहोत असे वाटते, हे सांगायला यंत्र लागत नाही. याच डॉ. लाउन यांनी पुढे सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या अणुयुद्धविरोधी डॉक्टरांच्या संघटनेला १९८५ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही एखादी कल्पना रुग्णालयाच्या भिंती ओलांडून घराघरांत जायला एखादे मोठे उदाहरण लागते. १९५५ साली अशी दोन उदाहरणे एकामागोमाग घडली, आणि दोन्ही अमेरिकेच्या राजकारणातील.

त्या वर्षी २ जुलै रोजी सिनेटमधील बहुमताच्या पक्षाचे नेते लिंडन जॉन्सन यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. वय अवघे ४६. दिवसरात्र काम आणि त्याबरोबर अखंड सिगारेटी, असा त्यांचा क्रम होता. प्राण वाचले, परंतु रुग्णालयात व नंतर टेक्सासमधील आपल्या मळ्यावर हा धिप्पाड, बोलका माणूस कमालीच्या औदासीन्यात बुडाला. राजकारणातले आपले दिवस संपले, या विचाराने त्यांना ग्रासले होते. चरित्रकारांनी हा काळ नोंदवून ठेवला आहे. देशभरातून आलेली हजारो पत्रे, पत्नीची साथ आणि हळूहळू वाढवलेले चालणे यांनी ते सावरले. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा जाहीर भाषणाला उभे राहिले आणि जानेवारी १९५६ मध्ये सिनेटमधील आपल्या जागेवर रुजू झाले.

जॉन्सन आजारी पडल्यावर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच २४ सप्टेंबर १९५५ च्या पहाटे खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. आदल्या दिवशी डेन्व्हर येथे ते गोल्फ खेळले होते. दुपारी पोटात अस्वस्थ वाटले, तेव्हा तो अपचनाचा त्रास मानला गेला. २६ तारखेच्या सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार एका दिवसात सहा टक्क्यांहून अधिक कोसळला. बॉस्टनहून बोलावण्यात आलेले तज्ज्ञ होते डॉ. पॉल डडली व्हाइट. १९३९ च्या त्या ७२ हृदयांच्या अभ्यासातले व्हाइट तेच. त्यांनी पत्रकारांपुढे बसून राष्ट्राला हा रोग साध्या भाषेत, काहीही न लपवता समजावून सांगितला. राष्ट्राध्यक्षांचा कोठा साफ झाला, हेही त्यांनी सांगून टाकले आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या. परंतु हृदयविकार म्हणजे मृत्यूचे फर्मान नव्हे, तो बरा होण्याजोगा आजार आहे, ही गोष्ट त्या दिवसांत सामान्य घरांपर्यंत पोचली. व्हाइट स्वतः चालण्याचे व सायकल चालवण्याचे कट्टे पुरस्कर्ते होते. आपल्या देशातील हृदयरोगशास्त्राच्या अग्रणी डॉ. पद्मावती यांनी याच व्हाइट यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते, आणि १९६६ साली जागतिक हृदयरोग परिषद नवी दिल्लीस भरली ती त्यांच्याच पुढाकाराने.

आयझेनहॉवर यांचे रुग्णालयातील छायाचित्र तेव्हा सर्वत्र झळकले. अंगात लाल पायजमा-सदरा, आणि खिशावर भरतकामात, प्रकृती पुष्कळ सुधारली, आभारी आहे, अशा अर्थाचे शब्द. जगाने हे हसरे चित्र पाहिले. ११ नोव्हेंबरला ते डेन्व्हर सोडून निघाले आणि विश्रांतीसाठी गेटिसबर्गच्या आपल्या शेतावर राहिले, तेव्हाचे चित्र मात्र छायाचित्रात आले नाही. महायुद्धात लक्षावधी सैनिकांचे नेतृत्व केलेला हा सेनापती तेथे खिन्न झाला होता. हातातली गोल्फची काठी टेकत तो येरझाऱ्या घालत असे, असे इतिहासकार सांगतात. शरीर सुधारत होते, मन मागे राहिले होते. कामाचे कागद पुन्हा हाती येऊ लागले, सहकारी भेटीला येऊ लागले, २२ नोव्हेंबरला कॅम्प डेव्हिड येथे मंत्रिमंडळाची बैठक झाली, तसतसा तो माणूस पुन्हा स्वतःला सापडू लागला. फेब्रुवारी १९५६ च्या मध्यावर व्हाइट यांनी, आयझेनहॉवर आणखी पाच ते दहा वर्षे कार्यक्षम जीवन जगू शकतील असे दिसते, असे सांगितले. महिनाअखेर, २९ तारखेला, आयझेनहॉवर यांनी पुन्हा निवडणुकीस उभे राहण्याचे जाहीर केले. पुढे जून १९५६ मध्ये आतड्याची शस्त्रक्रिया झाली, नोव्हेंबर १९५७ मध्ये मेंदूला सौम्य आघात झाला. तरी जानेवारी १९६१ पर्यंतची आपली मुदत त्यांनी पूर्ण केली, आणि १९६९ साली ते निवर्तले.

येथे वाचक म्हणतील, ते राष्ट्राध्यक्ष; त्यांना कामावरून कोण काढणार? गिरणीतल्या, गोदीतल्या, शेतावरल्या माणसाचे काय? प्रश्न रास्त आहे. हृदयविकार झालेल्या कामगाराला मालक परत घेण्यास कचरत, आणि डॉक्टरही ‘हलके काम द्या’ एवढे मोघम लिहून मोकळे होत. हलके म्हणजे किती हलके, हे कोणी मोजलेच नव्हते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात अशा कामगारांना तपासून त्यांना झेपेल ते काम ठरवून देण्याची व्यवस्था सुरू झाली. क्लीव्हलंड शहरात डॉ. हर्मन हेलरस्टीन यांनी तर कामगार काम करीत असताना त्यांना प्रत्यक्ष किती शक्ती खर्चावी लागते, हे मोजले. बरा झालेला बहुसंख्य कामगार आपले जुने काम करू शकतो, असे या प्रयत्नांतून दिसून आले. १९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने हृदयरोग्यांच्या पुनर्वसनाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा : रोग्याला शारीरिक, मानसिक व सामाजिक अशी सर्वांत अनुकूल स्थिती मिळवून द्यावी, म्हणजे तो आपल्याच प्रयत्नाने समाजातील आपली जागा पुन्हा घेऊ शकेल. आपल्याच प्रयत्नाने, हे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात.

अंथरुणाचा शेवटचा आधार १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरात निखळला. तेथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले गेले. त्यांची श्रम करण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांचे जेवढे नुकसान झाले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने झाले होते. धडधाकट विशीतल्या तरुणाची ही गत, तर पन्नाशीतल्या रोग्याची काय होत असेल? घरी आल्यावर चार पावलांत धाप लागते, ती पुष्कळदा हृदय निकामी झाल्याची नव्हे, स्नायू सैलावल्याची खूण असते. रोगी मात्र ती धाप मृत्यूची चाहूल समजतो आणि पुन्हा खुर्चीत बसतो. बसल्याने तो अधिक अशक्त होतो, अशक्तपणाने अधिक भितो, भीतीने अधिक उदास होतो. हे चक्र त्याच्या एकट्याने मोडत नाही.

१९७१ साली बॉस्टनमधील मनोविकारतज्ज्ञांनी घरी परतलेल्या रोग्यांची विचारपूस केली. बहुतेकांना चिंतेने वा उदासीने घेरलेले होते, आणि ‘जपून राहा’ या डॉक्टरांच्या मोघम सल्ल्याचा अर्थ लावण्यावरून पतिपत्नींत खटके उडत होते. तरीही उदासी ही रोगाची सावली आहे, ती आपोआप सरेल, असेच पुष्कळांना वाटे. १९९३ साली कॅनडातील माँट्रियल येथे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या २२२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे सहांतला एक रोगी खऱ्याखुऱ्या नैराश्याने ग्रस्त होता. आणि हृदयाच्या अवस्थेचा हिशेब वेगळा काढूनही, अशा रोग्याला पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे चौपट होता. सावली वाटत होती, ती स्वतःच एक व्याधी निघाली.

मग उपचारांचा शोध सुरू झाला. २००२ साली ३६९ रोग्यांवरील अभ्यासात, नैराश्यावरचे सर्ट्रालिन हे औषध हृदयरोग्यांना सुरक्षितपणे देता येते, असे दिसले. २००३ साली २,४८१ रोग्यांवरील मोठ्या अभ्यासात संवादोपचाराने नैराश्य कमी झाले. आयुष्य वाढले, असे मात्र सिद्ध झाले नाही. ही दुसरी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण खोट्या आशेने कोणाचेच भले होत नाही. परंतु आयुष्याचे दिवस वाढले नाहीत म्हणून त्या दिवसांतला अंधार घालवू नये, असे कोण म्हणेल? २००८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयरोग्यांना त्यांच्या मनःस्थितीविषयी आवर्जून विचारावे, असा सल्ला दिला.

आता थोडे आपल्या घराकडे वळू. वैद्यक अंथरुणाकडून खुर्चीकडे सरकत होते, त्याच काळात ख्रिस्तसभाही असाच एक प्रवास करीत होती. पूर्वी तैलाभ्यंगाचा संस्कार मरणोन्मुख माणसाला देण्याची प्रथा होती. फादर तेल घेऊन दारात आले की घरात रडारड सुरू होई, आणि म्हणून पुष्कळ कुटुंबे त्यांना बोलावण्यास शेवटच्या घटकेपर्यंत कचरत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली हा संस्कार केवळ मृत्यूच्या दारातल्यांसाठी नाही, असे स्पष्ट केले, आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचा नवा विधी घालून दिला. निरोपाचा मानला जाणारा संस्कार पुन्हा आजाऱ्याला बळ देणारा झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांचे मानवी श्रमाविषयीचे परिपत्रक १९८१ सालच्या १५ मे रोजी निघायचे होते. १३ मे रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि रुग्णालयातून परतल्यावरच त्या लिखाणावर ते अखेरचा हात फिरवू शकले. श्रमामुळे माणूस अधिक माणूस होतो, असे सांगणारे ते पत्र सप्टेंबरमध्ये निघाले. आजारातून उठून कामाकडे परतलेल्या माणसाच्या हातचे ते लिखाण आहे, हे ध्यानी ठेवून ते वाचावे.

आणि ज्यांना उदासी म्हणजे श्रद्धेची उणीव वाटते, त्यांनी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढावा. एलियासारखा संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला रागे भरत नाही, प्रार्थना कमी पडली असेही म्हणत नाही. तो त्याला झोपू देतो. देवदूत त्याला दोनदा हलवून उठवतो, भाकर व पाणी देतो. मग चालायला लावतो. होरेब डोंगरावर वाऱ्यात नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही, तर एका शांत, मंद वाणीत देव त्याला भेटतो, त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतो आणि त्याला पुन्हा कामावर धाडतो. पण एकट्याला नव्हे. अलिशा नावाचा जोडीदार त्याला मिळतो. झोप, अन्न, चालणे, ऐकून घेणे, काम आणि कामात सोबत : शास्त्राला इतक्या वर्षांनी गवसलेला क्रम याहून फार वेगळा नाही.

म्हणून आपल्या कुटुंबांपुढे आमची विनंती एवढीच. ओटीवरच्या माणसाला काचेच्या भांड्यासारखे जपू नका. किती चालावे, काय उचलावे, कामावर केव्हा जावे, हे डॉक्टरांना मोघम नव्हे, नेमके विचारा. पतिपत्नी दोघांनी मिळून विचारा. घरातले झेपेल असे एखादे काम त्याच्या हाती राहू द्या. घरखर्चाच्या बोलण्यातून त्याला वगळू नका. कामाच्या ठिकाणी आरंभी थोडे तास, थोडे सोपे काम मिळत असेल, तर त्यात कमीपणा मानू नका. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप वा भूक हरपली, तर ती गोष्ट लपवू नका. हृदयाच्या डॉक्टरांना ती सांगा. मरणाची भाषा तोंडी आली, तर दोन आठवडे कशाला, एक दिवसही थांबू नका. भारत सरकारने २०२२ पासून चालवलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो. गोळ्या चालू असतील त्या आपल्या मनाने बंद करू नका, मग त्या हृदयाच्या असोत वा मनाच्या.

आमच्या धर्मग्रामांतून आजाऱ्यांना भेटायला जाण्याची रीत जुनी आहे आणि चांगली आहे. तिच्यात एका प्रश्नाची भर घालावी. ‘छातीत दुखते का?’ हे आपण सारेच विचारतो. त्यानंतर क्षणभर थांबून, ‘मन कसे आहे?’ हेही विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत उठू नये.